पक्का काळा रंग

अप्पा,

दर शनिवारी तुम्ही मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून घरी न्यायला यायचात तो थाट अजून डोळ्यांपुढे आहे. आई जाऊन सहा वर्षं झालेली, गिरणीच्या रंगखात्यातली तुमची कारकुनी, आणि त्या वर्षी पांढऱ्या मिशा एकाएकी काळ्याभोर. फाटकाशी शिवणाच्या बाई उभ्या असायच्या. तुम्ही सात रस्त्याच्या चौकातच टांगा सोडून चालत यायचात, नव्या जोड्यांची करकर त्यांना ऐकू जावी म्हणून. मिशांना लावायचात तो मात्र साड्यांचा रंग. तुमचा रंगारी माझ्यासमोर म्हणाला होता, "सायेब, ह्यो सुताचा रंग हाय, केसाला न्हाय धरत की." तुम्ही म्हणालात, "अरे, धुऊन धुऊन लुगडं फाटतं, पण हा जात नाही!" दुपारी घाम आला की ओठावर हिरवट ओघळ उतरायचा. मुली खुदखुदायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून मी ती गोष्ट लिहिली. उतारवयातला नवरदेव, उन्हात उतरणाऱ्या मिशा, फाटकाशी एक बाई. शाळेच्या संमेलनात मी वाचते आहे, सगळे हसताहेत, गोऱ्या सिस्टरसुद्धा, आणि सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही. हसता हसता तोंडाला लावलेला रुमाल तुम्ही शेवटपर्यंत काढला नाहीत. शिवणाच्या बाई तेवढ्या खाली बघत होत्या. टांग्यात तुम्ही एवढंच म्हणालात, "छान लिहिलंस हो. एकच चूक आहे. तो रंग उन्हानं जात नाही, घामानं जातो."

सोमवारी मिशा पांढऱ्या होत्या. पुढच्या शनिवारी गिरणीचा शिपाई मला न्यायला आला. बाईंनी मला बाजूला घेतलं. "अप्पा का नाही आले गं?" मी म्हटलं, "बरं नाही त्यांना." त्यांनी कागदात गुंडाळलेला एक रुमाल माझ्या हातात ठेवला, काळा, कडेनं बारीक टीप घातलेला. "हा दे त्यांना. यावर डाग दिसायचे नाहीत म्हणावं. आणि शनिवारी यायला सांग."

मी सांगितलं नाही. वर्ष सरताना बाई सोलापूर सोडून गेल्या. तुम्ही पुढे सतरा वर्षं, अखेरपर्यंत, एकट्याचंच ताट मांडून जेवलात, आणि जुने जोडे झिजेपर्यंत नवे घेतले नाहीत.

लाज वाटली म्हणून रुमाल दिला नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही, अप्पा. शनिवारी तुम्ही यायचात ते माझ्यासाठी नव्हतं, याचा मला राग आला होता. तो माझ्या पेटीत आहे, आजवर घडीही मोडलेली नाही. हे पत्र त्या घडीतच ठेवते आहे.