आजीचा दगड

उमापूर, मार्च १९८६

ती. आबांना शहादेवचा सविनय जयभीम.

मी मजेत आहे. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?

घराण्याची नावं उतरवून घ्यायला मसनवाट्यात गेलो. तुम्ही नाव कोरून बसवलेला आजीचा दगड तिथं नाही. भामाआत्याला विचारलं. ती म्हणाली, "तुजा बाप अंबाजोगाईला शिकवत व्हता. हितं बहात्तरचा दुष्काळ. सडकंची खडी फोडली तरच पोटाला मिळायचं. दगड पुरंनात. आईचा दगड म्याच फोडला, लेकरा. बापाला सांगू नको."

तरी सांगतोय. तिच्यावर रागावू नका, लई रडली.

त्या सडकेवरून आता कारखान्याचा ऊस जातो. काल तिथून चालताना मी चपला हातात घेतल्या.

तुमचा,
शहादेव