आबांच्या नावावरचं ऑपरेशन

आबा, परवा तुमच्या नातवाला घेऊन लोणावळ्याला डॉक्टरकडे गेलो होतो. घाबरू नका, जे मला होतं तेच त्याला आहे. पुढची कातडी घट्ट, मागे सरकत नाही. पोरगा आता चोवीस वर्षांचा झालाय, तळेगावला कंपनीत कामाला आहे. चहा पिता पिता त्यानं मला हे सांगितलं, गाडीचा ब्रेक नीट लागत नाही म्हणून सांगावं तसं. त्याच्या वयाचा असताना मी तुम्हाला एक शब्द सांगू शकलो नव्हतो, आणि त्यापायी केवढं रामायण झालं होतं.

तो मे महिन्यातला रविवार मला जसाच्या तसा दिसतो. तुम्ही मळवलीच्या बंगल्याची राखण करायचात, मी हाताशी असायचो. पाहुण्यांनी बंगला भरलेला, आणि माझं लग्न तोंडावर आलेलं. लग्नानंतर कसं होईल या धास्तीनं मी न्हाणीत शिरलो आणि रोजच्याहून जास्त जोर लावून कातडी मागे ओढली. ती तिथंच अडकली आणि बघता बघता सुजली. दुखत तर होतंच, पण लाज त्याहून मोठी. तुम्ही बाहेरून ओरडताय, "आरं, पाव्हन्यांचं पानी तापवायचंय, काय करतुयास आत?" मी दार उघडलं आणि बोलता येईना म्हणून रडायलाच लागलो, एवढा लग्नाला आलेला घोडा. तुम्ही एकदाच बघितलंत. रागावला नाहीत, काही विचारलं नाहीत. तडक पाहुण्यांच्या टेबलाकडे गेलात आणि त्यांची बर्फाची बादली उचललीत. "पोराचा हात भाजलाय," एवढंच म्हणालात. बंगल्यातला चमचा इकडचा तिकडे न करणारा माणूस, पाहुण्यांच्या ग्लासांसाठीचा बर्फ पंच्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. मग मोटरसायकलवर मी एका अंगानं, साडी नेसल्यासारखा बसलो, बर्फ धरून. रस्ताभर तुम्ही प्रत्येक खड्ड्याला शिव्या घालत होतात. मला एकही नाही.

डॉक्टरांनी बराच वेळ दाबून धरलं आणि कातडी जागेवर आली. मग त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवलं. "अडकली की तासभरसुद्धा थांबायचं नसतं, वेळेत आलात," ते म्हणाले. "पण मुळात जोर लावायचाच नव्हता. बहुतेकांना मलम पुरतं. काही आठवडे लावायचं, आंघोळीनंतर हलक्या हातानं सैल करायची, दुखलं की थांबायचं. नाहीतर छोटी चीर देऊन तोंड मोठं करता येतं. ह्यानं मात्र ओढून ओढून जखमा केल्यात, कातडी कडक झालीय. ती काढलेलीच बरी." तुम्ही मांडीवरच्या टोपीकडे बघत विचारलंत, "म्हंजी सुंता?" ते हो म्हणाले. "आमच्यात न्हाई करत, डाक्टर." मग तुम्ही टोपी उचलून डोक्यावर घातलीत. "पर त्याचा तरास जाईल ना? मंग करा."

बाहेर आल्यावर मीच हटून बसलो. लग्न पुढं ढकलायचं तर कारण काय सांगणार? नवरदेवाचं असं ऑपरेशन कळलं, तर पोरात दोष आहे म्हणून सोयरीक मोडेल आणि पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुम्ही मोटरसायकलला किक मारलीत आणि म्हणालात, "तुझं कुटं? आप्रेशन माझं हाय. हार्नियाचं."

आणि तुम्ही ते खरंच केलंत, आबा! पोटाखाली हात धरून व्याह्यांच्या गावी, नवलाख उंबऱ्याला गेलात आणि लग्न दिवाळीनंतर ढकललंत. माझं ऑपरेशन झालं तेव्हा मागच्या खोलीत मी पडलेलो, आणि पुढे खाटेवर तुम्ही. भेटायला येणारा प्रत्येक जण केळी, शहाळी तुमच्या उशाशी ठेवायचा, तुम्ही कण्हत कण्हत ती घ्यायचात. आई मऊ भात तुमच्या नावानं शिजवून मला वाढायची. तुम्ही कधी डावीकडे हात धरायचात, कधी उजवीकडे. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आवो, एक बाजू ठरवा की!" मी हसलो तर टाके दुखले. पण मग आवणी आली. मी बरा होऊन चिखलात भात लावत होतो आणि तुम्ही बांधावर बसून होतात, कारण हर्नियाचा माणूस वाकणार कसा? तुम्हाला ते किती जड गेलं हे मला बांधावर उपटून ठेवलेल्या गवताच्या ढिगावरून कळायचं. त्या दिवसांत तुमच्यावर माझा जेवढा जीव होता तेवढा मला कधी सांगता आला नाही.

परवा निघताना हिनं विचारलं, "दोघं कुठं निघालात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मला हर्निया दाखवायचाय." पोरगा हेल्मेट घालता घालता म्हणाला, "पप्पा, कशाला? आई, माझी पुढची कातडी घट्ट आहे, ते दाखवायचंय." ही म्हणाली, "मग लवकर जा, तिथं गर्दी असते." संपलं. डॉक्टरांनी त्याला मलमच दिलंय, त्यानंच भागेल म्हणाले.

संध्याकाळी डाळ निवडताना तिनं मान वर न करता विचारलं, "आणि आबांचा हर्निया?" माझं कातडीचं ऑपरेशन लहानपणीच झालं होतं, असं मी तिला लग्नानंतर सांगितलेलं. मी म्हणालो, "होता की." ती म्हणाली, "होताच. म्हणून तर मी त्यांना कधी भरलेला हंडा उचलू दिला नाही." आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

तिला कळलंय, आबा, बहुतेक फार आधीपासून. आता खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण ते ऑपरेशन तुमच्या नावावरून काढून माझ्या नावावर घ्यायचा मला धीर झाला नाही.