आमचे भाडेकरू

ताई,

माझ्या साठीची भेट म्हणून तू आम्हाला जिथे पाठवलंस, त्या हॉटेलातून लिहितोय. खोल्या दहाच, पण थाट राजवाड्याचा. लॉबीत दोन म्हातारे पुरुष हातात हात घेऊन बसले होते आणि त्यांच्याकडे कुणी मान वळवूनही पाहत नव्हतं.

तरी काउंटरवर मी माती खाल्लीच. सोबतच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणालो, "हे माझे भाडेकरू. आम्हाला बेड वेगवेगळे लागतील." इतकी वर्षं तुलाही हेच सांगत आलोय ना, तोंडात बसलंय.

काउंटरवरची मुलगी गोंधळली. हळूच म्हणाली, "सर, तुमच्या ताईंनी फोनवर एकच मोठा बेड सांगितलाय. आणि या दोघांना कुणी काही विचारायचं नाही, असं चारचारदा बजावलंय."

कान असे तापले माझे! म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं, आणि तरी दर फोनला "भाडेकरू बरे आहेत ना?" असं साळसूदपणे विचारत होतीस. भाडेकरू लिफ्टमध्ये पोट धरून हसले. खोलीचं दार लागलं, आणि तो पलंगावर बसून ढसाढसा रडला.

हे पत्र पाठवणार नाही. समोर बसून सांगायचं ते कागदावर उरकलं, तर तू मला फाडून खाशील. रविवारी आम्ही येतोय, तेव्हा तोंडानेच सांगेन. तूही काही विचारू नकोस. फक्त या वेळी त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालू नकोस.

तुझेच,
आम्ही दोघे