उजव्या हाताचा ब्रेक

२८ ऑक्टो. २००९, पांढरकवडा
दिवसभरात दोन पंक्चर, बस्स. दिवाळीनंतर केळापूरकडचे लोक कापूस विकून नवी सायकल न्यायला यायचे, तेव्हा रहीमचाचा आणि मी जेवायलाही उठत नव्हतो. यंदा कापूसच नाही, तर सायकल कोण घेणार? चाचा मालक, दुकानात माशा मारतात; मी नोकर, त्यांना पाहतो.

पुण्याच्या विनय सरांचा फोन. गेल्या वर्षी ते लोक हायवेनं हैदराबादला सायकलवर चालले होते, मोडलेली सायकल मी रस्त्यातच उभी करून दिली होती. ते त्यांच्या लक्षात राहिलं. नेपाळात डोंगरावरून सायकली उतरवायच्या आहेत, पाहुणे असतात, मेकॅनिक पाहिजे. हत्यारं पाठीवर घेऊन सगळ्यांच्या मागून यायचं. जमलं तर दर हंगामाला काम.

चाचा लगेच म्हणाले, "जाय बेटा. इथं बसून कायले गंज चढवून घेतं?"
घरी बायको, संगीता: "पडले-गिडले त?"
म्हटलं, सायकलवाला पडत नसतो.

९ नोव्हें., पोखरा
गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग बस. हाडं खिळखिळी. पाहुणे सात. सहा जण पुण्या-मुंबईचे, त्यांच्या सायकली भाड्याच्या. सातव्या मार्टाबाई, जर्मनीच्या, शाळेत शिकवायच्या, साठीच्या पुढं वय. स्वतःची सायकल विमानातून घेऊन आल्या.

त्या सायकलच्या ब्रेकच्या वायरी प्रवासात चेपल्या होत्या. दोन्ही नव्या टाकल्या. टाकताना पाहतो तर कोण्या अडाण्यानं उलट्या जोडलेल्या! डाव्या हाताला पुढचा ब्रेक, उजव्याला मागचा. एवढी महागाची सायकल आणि असं काम. सरळ करून टाकल्या. अंगणात स्वतः चालवून पाहिली, जागच्या जागी थांबते. चाचांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, उजवा पुढचा, डावा मागचा, जेवायचा हात पुढं. बाईंनी खूश होऊन चॉकलेट दिलं. मला 'गाजू' म्हणतात. गजानन काही जमत नाही त्यांना.

१२ नोव्हें., मुक्तिनाथ
जीपनं वर. थंडी अशी की पान्हा हाताला चिकटतो. सगळीकडे उघडे डोंगर, झाड नावाला नाही. उद्यापासून उतार.

वि. सरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, इंग्रजीतही सांगितलं. "तीव्र उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. फक्त मागचा, हळूहळू." मार्टाबाई शाळेतल्या पोरीसारख्या मान हलवत होत्या.

१३ नोव्हें.
पहिला दिवस पार पडला. रस्ता रुंद, धूळ फार, दोन्ही ब्रेक धरून सगळे आले. बाई सर्वांत पुढं! मी मागून, तोंडात माती. खरं सांगायचं तर मजा आली. पांढरकवड्यात उतार म्हणजे नाल्याच्या पुलावरून खाली, तेवढाच.

१४ नोव्हें.
घासा गावाच्या खाली. रस्ता एका जीपपुरता, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. खाली नदी, आवाज येतो, दिसत नाही. कातळावरून पाणी गळून दगड बुळबुळीत. उतरून पायी चालावंसं वाटत होतं, पण मी मेकॅनिक, कोणाला सांगणार?

वळणावर बाई माझ्या खाली, वीसेक हातांवर. वरून स्वच्छ दिसल्या. उजव्या हाताची बोटं आवळली. डावा हात मोकळा. पुढचं चाक जागेवर खिळलं आणि मागचं वर उचललं. बाई हँडलवरून कातळाकडे गेल्या. दुसरीकडे गेल्या असत्या तर...
ओरडल्या नाहीत. नुसतं "ओ" म्हणाल्या.
जीप यायला दोन तास लागले. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

१६ नोव्हें., पोखरा
दवाखाना. खांदा मोडला, कमरेचं हाडही. विमानानं घरी नेणार, ऑपरेशन तिकडे.
भेटलो. बाई काहीतरी बोलल्या, वि. सरांनी सांगितलं, "म्हणतायत, माझीच चूक. घाबरले आणि हात चुकला. गाजूला सांगा, त्याची सायकल छान चालत होती."
त्याची सायकल म्हणाल्या.

१७ नोव्हें.
हे लिहू की नको.
लॉजच्या अंगणात दुसऱ्या टोळीच्या सायकली उभ्या होत्या, सगळे गोरे लोक. सवयीनं हात लावून पाहिला. डावा पुढचा. दुसरी पाहिली, डावा पुढचा. पाचही तशाच. पाच सायकली अडाण्यानं जोडल्या नसतील.
तिथंच पायरीवर बसलो. वळणावर बाईंनी मागचाच ब्रेक दाबला होता, त्यांच्या सवयीच्या हातानं.

वि. सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, "हो, तिकडं तसंच असतं, आपल्या उलट." मग थांबले, माझ्याकडे पाहिलं. "तू बाईंच्या वायरी बदलल्यास ना? बाजू तीच ठेवलीस?"
"हो सर."
कसं निघालं तोंडातून, माहीत नाही.

बाईंची सायकल खोक्यात भरायचं काम माझ्याकडेच. भरण्याआधी वायरी काढल्या आणि होत्या तशा जोडल्या. डावा पुढचा. काम सफाईनं झालं, याचीच लाज वाटते.

२५ नोव्हें., पांढरकवडा
घरी. संगीतानं विचारलं, कसं झालं? म्हटलं, एक बाई पडली. "तुमी नाही पडले ना," म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली.

३ डिसें.
दुकानात एक सायकल आली ब्रेकसाठी. लिव्हर हातात घेतला आणि पुढं काही सुचेना. चाचांनी पान्हा काढून घेतला. "काय झालं बे? आल्यापासून असाच करून राह्यला." सांगितलं. सगळं, वायरी परत फिरवल्या तेही.
चाचांनी फडक्याला हात पुसले.
"उजवा पुढचा मीच शिकवलं तुले. ते माह्यावर टाक. पण झूट काहून बोलला?"
आजपर्यंत चाचांनी मला अशा आवाजात विचारलं नव्हतं.

११ जाने. २०१०
वि. सरांचा फोन. मार्चमध्ये टोळी आहे, येतोस ना? कळवतो म्हटलं. त्यांनी मार्टाबाईंना माझा पत्ता दिला आहे. त्यांनी मागितला होता.

१९ जाने.
पत्र आलं. इंग्रजी. आमच्याकडे इंग्रजी संगीताचं, बारावीपर्यंतचं. दुपारी अंगणात बसून तिनं एकेक ओळ लावून सांगितली.
बाई काठीनं चालतात. मुलगी म्हणते, वय झालं तुझं. सायकल विकली. स्वतःच्या हातांचा भरवसा उरला नाही, म्हणून गाडी चालवणंही सोडलं. शेवटी लिहिलंय, गाजू, तू माझ्या मागं होतास. तूच एकट्यानं पाहिलंस. माझं काय चुकलं, ते मला सांग.

संगीतानं पत्राची घडी घातली. "बिचारी. काय चुकलं हो तिचं?"
मी आत जाऊन ही वही आणली, ९ नोव्हेंबरचं पान उघडून तिच्या हातात दिली. मग १७ चं. तिनं दोन्ही वाचली, पहिलं दोनदा वाचलं.
"मार्चचं काम हातचं जाईल," म्हटलं.
"जाईल त जाईल," म्हणाली. "कागद आना. इंग्रजीत लिवून देईन मी. पन सही तुमाले करा लागन."

तीन ओळी झाल्या. अर्थ सांगितला तिनं, बरोबर आहे. खाली सहीपुरती जागा सोडली. ती भांडी घासायला गेली आहे, मध्ये मध्ये पाहते.
पेन हातात आहे. उजव्या.