सगळ्यात वरची पाटी

अण्णा, क्लबातली ती शिडी आता काढून टाकली आहे. परवा जयनगरला गेले होते, तेव्हा सहज आत डोकावले. तुमच्या कॅन्टीनशेजारच्या त्या भिंतीला नवा रंग दिलाय आणि शिडीच्या जागी पाण्याचा कूलर उभा आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, बरं झालं, एक कटकट गेली. मी मात्र तिथे उभी राहून उगाच पाणी प्याले आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

शिडी म्हणजे काय, तर एक उभी फळी, तिला एकाखाली एक हुक आणि प्रत्येक हुकाला एका खेळाडूच्या नावाची पत्र्याची पाटी. आपल्या वरच्याला आव्हान द्यायचं, टेनिसचा सामना जिंकला की पाट्यांची अदलाबदल. आव्हान मिळालेला माणूस आठवडाभरात कोर्टावर उतरला नाही, तर तो न खेळताच खाली. मी बी.कॉम. झाले त्या उन्हाळ्यात अध्यक्षांनी हे सगळं माझ्याकडे सोपवलं. ‘घरातली पहिली पदवीधर आहे, करू दे तिला,’ असं ते तुमच्यासमोर म्हणाले, आणि तुम्ही त्यांच्या कॉफीत साखर घालायला विसरलात.

नियम मी ठळक अक्षरात लिहून लावले होते. पण जो कुठेच लिहिलेला नव्हता तो नियम सगळ्यांना पाठ होता. अध्यक्षांना कोणी आव्हान द्यायचं नाही. लोक दुसऱ्या जागेसाठी घाम गाळायचे आणि तिथे पोचले की थांबायचे. सगळ्यात वरची पाटी इतकी वर्षं हललीच नव्हती, तिचा हुक गंजून गेला होता. मला ते खटकायचं. स्पर्धा म्हणायची आणि वरच्या माणसाला देव करून ठेवायचं, हे कसं? पण आव्हान देणं माझं काम नव्हतं, म्हणून गप्प होते.

मग पुण्याहून आलेला तो तरुण सभासद झाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारा. त्याला इथल्या रीतीभाती ठाऊक नव्हत्या. एकेकाला हरवत तो दुसऱ्या पाटीपर्यंत आला आणि मला म्हणाला, “मॅडम, वर एकच सर राहिलेत ना? मग त्यांच्याशी लावून टाका की मॅच.” मी लावली. त्या दिवसापासून अध्यक्ष क्लबात दिसेनासे झाले. गुडघा दुखतोय, असा निरोप आला.

गुरुवारची संध्याकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. तुम्ही कॅन्टीनमध्ये दुसऱ्या दिवशीच्या उप्पिटासाठी रवा भाजताय, मी ओट्याशी मिरच्यांची देठं काढतेय.

“रविवारी पाट्या बदलणार हायेस?”

“आठवडा संपतोय, अण्णा. नियम आहे.”

“नियम. मागची खोली आपल्याला ऱ्हायला कुणाच्या शब्दावर मिळाली, ते बी लिव की त्या नियमात. उद्या ते म्हणाले खाली करा, तर तुझी शिडी डोक्यावर घिऊन कुठं जायचं?”

“आज त्यांना सोडलं, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?”

“पदवी घेतलीस. भ्यायचं तेवढं शिकायचं राहिलं तुझं.”

रवा करपला. तोही माझ्यामुळेच. दुसऱ्या दिवशी तुम्ही भाजी आणायला म्हणून गेलात आणि दुपार उलटल्यावर रिकामी पिशवी घेऊन परत आलात.

रविवारी सकाळी मी स्टूल भिंतीशी ओढलं. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. स्टुलाचा एक पाय आखूड होता, ते डुगडुगायला लागलं. तेवढ्यात तुम्ही हातातला ट्रे कठड्यावर ठेवलात आणि येऊन स्टूल धरलंत. गंजलेल्या हुकातून पाटी निघेना, मी ती हिसका देऊन काढली, खालच्या हुकाला लावली आणि त्या तरुणाची पाटी वर चढवली.

अर्ध्या तासानं अध्यक्ष आले. पांढरे बूट, हातात रॅकेट. ते थेट शिडीपुढे जाऊन उभे राहिले.

“कोणी बदललं?”

“मी, सर.”

“सरी, ठीक आहे,” ते वरच्या पाटीकडे बघत म्हणाले. “म्हणजे आता मला याला आव्हान देता येतं, ना? वर असलेल्याला कोणाला बोलावता येत नाही, अम्मा. आणि मला तर कोणी बोलवतच नव्हतं.”

“पण गुडघा, सर?”

“गुडघ्याला काय झालंय? स्वल्प भीती वाटली होती. आता खाली आलोच आहे, भ्यायचं कशाला?”

त्याच सकाळी ते त्या तरुणाशी खेळले आणि साफ हरले. घामानं निथळत येऊन त्यांनी दोन कॉफ्या घेतल्या आणि तुम्हाला कानडीत म्हणाले, “तुमच्या मुलीनं मला पाडलं.” तुम्ही म्हणालात, “शिकलेली आहे साहेब, ऐकत नाही.” आणि हसलात, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. खोलीत आल्यावर तुम्ही भर दुपारी आडवे झालात आणि लगेच घोरायला लागलात. ते ऐकत मी तिथेच भिंतीला टेकून बसले. इतकं हलकं मला निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. पण तुमच्यापाशी एक गोष्ट बोलायची राहून गेली. भ्यायचं मला येत होतं, अण्णा. शनिवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाले आणि शहराबाहेरच्या आनेकलची बस धरली. मूळची निपाणीची मावशी तिथे राहायची, या कानडी मुलखात आपली म्हणावी अशी ती एकच. भाड्यानं खोली मिळेल का, विचारलं, तर ती हसायलाच लागली. “अगं, काल तुझा अण्णा बघून गेला की. खोली बरी हाय म्हणाला. न्हाणी तेवढी बारकी हाय, पोरीला अडचण हुईल म्हणाला.”

त्यानंतर मी कशालाच भ्याले नाही. तुम्ही मात्र शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात की आमची पोरगी कुणाला भीत नाही, आणि मी ते सांगू दिलं.

ती न्हाणी मीही बघून आले होते. चालली असती.