अ‍ॅथलदादाचे बूट आणि घराखालची सैतानीण

मारावाह, शनिवार

ति. अ‍ॅथलदादास,

धाकट्या डॉरीचा नमस्कार (राग तूर्त दाराबाहेर ठेव, बुटांसारखा). तुझा गुडघा काय म्हणतो? आम्ही खुशाल, आणि घराखालची सैतानीण (डेव्हिल नावाच्या त्या काळ्या रानजनावराची मादी) सुद्धा खुशाल!

झालं असं. तू सप्टेंबरात आलास तेव्हा घराच्या लाकडी जमिनीखाली रोज किंचाळाकिंचाळी चालायची (तुला ते माझं आणि मर्व्हचं भांडण वाटलं होतं), ती हिचीच. रस्त्यात मेलेली वॉलबी (छोटं कांगारू) दिसली की आपण गाडी थांबवून ती झुडपात ओढतो, म्हणजे खायला आलेला डेव्हिल पुढच्या गाडीखाली येत नाही. माझ्या नवऱ्याचं एवढ्यावर भागेना. मर्व्ह वॉलबी थेट घरी आणून जिन्याखाली वाढायला लागला. मग काय, पोटाच्या पिशवीत पिल्लं घेऊन बाई राहायलाच आली.

सोमवारी तिच्या गालावर गाठ दिसली. तोंडावर गाठी येणाऱ्या त्या रोगाने पूर्वेकडचे किती डेव्हिल गेले, तुला ठाऊक आहे. मी रडले, लपवत नाही. डेव्हिल वाचवण्याचं काम करणारी इमोजेन पिंजरा घेऊन आली, आत मांस ठेवलं. पण मर्व्हने पोसलेली बया त्याकडे ढुंकून पाहीना. तीन दिवस! इमोजेन वैतागली, "अहो मर्व्ह, तुम्ही हिला वाचवताय की हिचं बाळंतपण करताय?" शेवटी मर्व्हने व्हरांड्यातला तुझा उजवा बूट पिंजऱ्यात ठेवला. (डावा हरवला म्हणून तू आमच्या कुत्र्याला नाही नाही ते बोललास आणि मर्व्हच्या चपला घालून हॉबर्टला गेलास, तोच जोड.) सकाळी पाहतो तर बाई आत, बुटात नाक खुपसून!

इमोजेनने जबडा उघडला. गाठ नव्हतीच रे दादा! तुझ्या डाव्या बुटाची, नाडीखालची कातडी पट्टी दाढेमागे अडकून गाल फुगला होता. चिमट्याने ओढली, निघाली. मर्व्ह अंगणातच लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी आम्ही दोघं पोटभर जेवलो.

कुत्र्याची मात्र माफी माग. तो मनात ठेवणारा नाही.

तुझी,
डॉरी

ता. क. डाव्या बुटात सध्या दोन पिल्लं झोपतात, तेव्हा तो मागू नकोस. उजवा इमोजेनने नेला.

आणखी एक ता. क. खोऱ्यातल्या अजून अकरा डेव्हिलांचे जबडे तपासायचेत, एका बुटाने भागणार नाही. तुझे जुने मोजे असतील तेवढे टपालाने पाठव. आणि वहिनीला हात जोडून सांग, धुऊ नकोस.