सतरावा खिळा

दर्यापूर,
सोमवार, ता. २७ नोव्हेंबर १९६१

तीर्थस्वरूप महादेवराव मामांच्या सेवेशी गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द खुर्चीवर बसून लिहिताना मला दरवेळी थोडे खोटे बोलल्यासारखे वाटते, म्हणून या वेळी लिहिण्याआधी उठून अकोल्याच्या दिशेला वाकून आलो. सौ.ने विचारले, काय हरवले.) तुमचे गुडघे या थंडीत कसे आहेत? भागीरथामामींचा दमा? त्यांनी सांगितलेला अडुळशाचा काढा सौ.ने मला महिनाभर पाजला. मला खोकला नव्हता, पण सांगितल्यावर घ्यायला हवा म्हणून घेतला. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. कापूस बाजारात येऊ लागला आहे, त्यामुळे वर्गातली निम्मी मुले वेचणीला आणि उरलेली खोकत बाकावर, अशी परिस्थिती आहे.

आता पेटीविषयी. तुम्ही तीन पत्रे पाठवून विचारलेत आणि मी तिन्ही वेळा हवापाण्याबद्दल लिहिले, याचा मला खेद आहे. पेटी पोळ्याच्या सुमारास एस.टी.च्या टपावरून सुखरूप आली (नक्की तारीख डायरीत पाहून पत्राच्या शेवटी लिहितो). रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, तुम्ही चहाच्या खोक्याला पन्नास खिळे ठोकलेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते. तुमच्या पत्रातले वर्तमानपत्राचे कात्रणही मी वर्गात वाचून दाखवले: अमेरिकेत आता यंत्रे मुलांना शिकवतात, आणि विचार करणारे यंत्र लवकरच आपल्याकडेही येईल. त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले की ते यंत्र छड्याही मारते काय. नाही म्हटल्यावर वर्गाचे मत यंत्राला एकदम अनुकूल झाले.

पेटीची ओळख तुम्हाला करून द्यायला नको, पण आमच्याकडे ती कशी चालते हे सांगतो. डावीकडे पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक खिळा. उजवीकडे पंचवीस उत्तरे उलटसुलट लावलेली, त्यांच्यापुढेही खिळे. मुलाने एक तार प्रश्नाच्या खिळ्याला टेकवायची आणि दुसरी त्याला वाटेल त्या उत्तराला. बरोबर असेल तर वरचा बॅटरीचा दिवा लागतो, चूक असेल तर काही होत नाही. हे ‘काही होत नाही’ मला फार आवडले. मी स्वतः इतक्या वर्षांत चूक उत्तरावर काही होऊ दिले नाही असा एकही दिवस आठवत नाही. जी मुले माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती ती मधल्या सुट्टीत पेटीपुढे रांग लावू लागली. पेटीला तेच तेच विचारले तरी ती कंटाळत नाही, बापाचे नाव विचारत नाही, आणि एकाला उत्तर आले नाही म्हणून दुसऱ्याला उभे करत नाही. पहिल्या आठवड्यात मला पेटीचा हेवा वाटला. दुसऱ्या आठवड्यात मी तो हेवा डायरीत लिहिला. तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या झालेल्या वेळात मागे पडलेल्या चार मुलांना घेऊन बसलो आणि त्यांतल्या तिघांना भागाकार आला. पेटी नसती तर हे झाले नसते, हे मी आधीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते वाचताना तुम्हाला हे आठवावे अशी माझी इच्छा आहे.

पहिली शंका मला बंडूमुळे आली. हा आमच्या मुख्याध्यापकांचा, म्हणजे खुशालरावांचा पुतण्या. दिवाळीआधी त्याने पंचवीसच्या पंचवीस दिवे लावले आणि खुशालरावांनी त्याला पेढा दिला. दुसऱ्या दिवशी प्रश्नांचा कागद चिकटवलेला डिंक सुटून कागद खाली पडला, तरी बंडू नुसत्या खिळ्यांवर तारा टेकवत दिवे लावतच होता. मी विचारले, आसामची राजधानी कोणती. तो म्हणाला, ‘वरून तिसरा, गुरुजी.’ मी ही गोष्ट खुशालरावांच्या कानावर घातली. त्यांचे म्हणणे असे की दिवा लागला ना, मग तो कुठून लागला याची चौकशी करणे हा आपला संशयी स्वभाव आहे. माझा स्वभाव संशयी आहे हे खरेच असल्यामुळे मी वर्गावर परतलो.

तेवढ्यात अमरावतीहून पत्र आले की नाताळच्या आधी जिल्ह्याचे विज्ञान प्रदर्शन आहे, प्रत्येक शाळेने एक वस्तू आणि ती समजावून सांगणारा एक विद्यार्थी पाठवावा. वस्तू ठरलेलीच होती. विद्यार्थी कोण, हे पेटीनेच ठरवावे असे खुशालरावांनी जाहीर केले. जो सगळे दिवे लावील तो अमरावतीला जाईल. बंडूचे पंचवीस, आणि सिंधूचे चोवीस.

सिंधू ही डोमाजीची मुलगी. डोमाजी मैलकुली आहे, अकोटच्या रस्त्याच्या डागडुजीवर असतो. मुलगी सातवीत, अंगाने काडी, अक्षर मोत्यासारखे, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर तोंडाने काही न बोलता नुसती पाहत राहण्याची सवय. अमरावती तिने पाहिलेली नव्हती. प्रदर्शनात पाण्यातले जंतू दाखवणारी दुर्बीण असते असे तिने कुठेसे वाचले होते आणि गेले दोन महिने ती त्या दुर्बिणीबद्दल विचारत होती. तिचा एकच दिवा अडत होता, तो सतराव्या खिळ्याचा. प्रश्न: कोळ्याला पाय किती? ती दर वेळी ‘आठ’ला तार लावी आणि दिवा लागत नसे. बाकी सगळा वर्ग ‘सहा’ला लावून दिवा लावून घेई. (‘आठ’चा खिळा कशालाच जोडलेला नाही हे माझ्या लक्षात आले होते. मुलांना चकवायला तुम्ही मुद्दाम एक रिकामा खिळा ठेवलात असे समजून मी मनातल्या मनात तुमच्या युक्तीला दाद दिली.)

मी तिला समजावले. मुंगीला सहा, झुरळाला सहा, माशीला सहा, तेव्हा कोळ्याला सहा. कॉलेजात असताना मी हेच लिहून पास झालो होतो, निदान तसे मला आठवत होते. शिवाय पेटी सांगते आहे. ती म्हणाली, ‘गुरुजी, दिवा नाई लागला म्हणून कोळ्याचे दोन पाय गळून पडत नाईत. म्या मोजले हायेत.’ मी म्हणालो, ठीक आहे, कोळी आणून दाखव. हे मी न्यायबुद्धीने म्हणालो असे तेव्हा वाटले होते. आता वाटते की मला घंटा होण्याची वाट पाहायची होती.

मामा, या शाळेत मी अकरा वर्षे आहे आणि या अकरा वर्षांत छताकडे पाहिल्यावर कोळी दिसला नाही असे एकदाही झाले नव्हते. पण गुरुवारी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे होते, आणि साहेब यायचे म्हणजे आमचा शिपाई नत्थुजी बांबूला झाडू बांधून सगळी जाळी काढतो. सोमवारीच काढून झाली होती. सिंधूने मंगळवारी शाळेचे सगळे कोपरे पाहिले, मीही पाहिले, नत्थुजी मागून फिरत विचारत राहिला की कुठे राह्यलं काय गुरुजी, मले दाखवा. गावात जावे तर नुकतीच दिवाळी झालेली, घरोघर चुना मारलेला. दर्यापूरसारख्या गावात दोन दिवस एक कोळी मिळू नये, यावर मी डायरीचे दीड पान खर्च केले. मुलांनी तोवर निकाल लावून टाकला होता. सिंधूने मोजलेल्या कोळ्याले दोन पाय जास्तीचे असतील, असे त्यांचे मत पडले. आणि खरे सांगतो, ते मत मला पटू लागले होते.

गुरुवारी साहेब आले. खुशालरावांनी कोट घातला होता. बंडू पेटीपुढे उभा राहिला आणि कागदाकडे न पाहता दिवे लावत सुटला. साहेब प्रत्येक दिव्याला मान हलवत होते. सतराव्यालाही हलवली. मी ते पाहिले आणि मला फार हलके वाटले. एवढ्यात मागून सिंधू उठली. तिच्या हातात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती आणि बाटलीच्या तोंडाला फडके बांधलेले. रस्त्याच्या कामाची घमेली-फावडी ठेवायची डोमाजीची एक खोली आहे, तिला कधी कोणी चुना मारत नाही. पहाटे बापाबरोबर तिथवर चालत जाऊन तिने कोळी आणला होता. खुशालराव तिला खाली बसायची खूण करत होते, पण साहेबांनी बाटली हातात घेतली, चष्मा वर केला, आणि मोजले. मग बाटली फिरवून पुन्हा मोजले. मग माझ्याकडे दिली. मीही मोजले. खुशालरावांनी मोजले नाही. ते म्हणाले की हा बाहेरच्या रस्त्यावरचा कोळी आहे, गावातला नाही.

साहेबांनी सिंधूला विचारले की गुरुजी सहा म्हणतात, सगळा वर्ग सहा म्हणतो, एवढी विद्वान पेटी सहा म्हणते, मग तू एकटीच आठ कशावरून म्हणतेस?

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘पेटीनं कोळी पाह्यलाच नाई. म्या पाह्यला.’

साहेब थोडा वेळ पेटीकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहत होते, आणि त्या दोन नजरांत फारसा फरक नव्हता. मग त्यांनी शेरेबुकात लिहिले की पेटी उपयुक्त आहे, परंतु तिच्याबरोबर सदर मुलीस पाठवावे. बंडूकडे मी भीतभीत पाहिले. तो चक्क खूष होता. अमरावतीला कोणी तारा न देता नुसतेच प्रश्न विचारले तर काय करायचे या काळजीने त्याची दिवाळी वाया गेली होती, हे त्याने मला नंतर सांगितले. आता तो बाटली सांभाळायला सोबत जाणार आहे.

संध्याकाळी मी डोमाजीकडे गेलो. मुलीचे बरोबर असताना मी तिला चूक ठरवले, तेही पंधरा दिवस, याची माफी मागायला हवी होती. भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर, तिच्याखाली सिंधूचे प्रगतिपुस्तक ठेवलेले. मी बरेच बोललो. घरून पाठ करून गेलो होतो. डोमाजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘गुरुजी, मी सडकेवरची गिट्टी मोजतो, पोरगी पाय मोजते. मोजल्यावर जे भरलं ते भरलं. तुमी माफी कायची मांगता? बसा, चाय घ्या.’ चहा फार चांगला होता.

आता, मामा, नाजूक गोष्ट. चूक कोणाची यात मी शिरत नाही. पेटी तुमच्या हातची आहे, पण एवढे खिळे, एवढ्या तारा, आणि बहात्तरावे वर्ष. एखादी तार इकडची तिकडे लागणारच. वयोमानाने दृष्टी तशी राहत नाही, आणि आपण कधीकाळी शिकलेले जुनेही होत जाते. मला तुमच्याविषयी वाटणारा आदर यामुळे कणभरही कमी झालेला नाही. उलट, एवढ्या पंचवीस उत्तरांत एकच चूक, हे मी कौतुकानेच सांगतो. सतराव्याची तार मी आता योग्य जागी जोडली आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नये. मामींना हे वाचून दाखवायलाच हवे असे नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुमचा भाचा,
गोपाळकृष्ण

ता. क. पेटी आल्याची तारीख लिहायचे कबूल केले होते म्हणून आत्ता डायरी उघडली. तारीख १२ सप्टेंबर, मंगळवार. त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी उतरवतो: ‘मामांची पेटी आली. झाकण काढून सर्व उत्तरे तपासली. सतराव्यात त्यांनी कोळ्याला आठ पाय लावले आहेत. वयोमान. तार सोडवून सहाला जोडली. मामांना कळवून दुखवू नये. एक चूक वेळीच दुरुस्त झाल्याचे समाधान. संध्याकाळी भेंडीची भाजी.’ हे मी साफ विसरलो होतो. विसरलो होतो की विसरायचे ठरवले होते, हे अर्धा तास विचार करूनही सांगता येत नाही. भेंडी मात्र आठवते. पत्राचा शेवटचा परिच्छेद फाडून टाकावा असे मनात आले, पण ते अप्रामाणिक झाले असते. म्हणून तो तसाच ठेवला आहे. तो वाचताना ‘तुमचे’ असेल तिथे ‘माझे’ वाचावे आणि बहात्तरच्या जागी चव्वेचाळीस. मामींना अवश्य वाचून दाखवावे.

ता. क. दुसरा. पत्र खरे तर यासाठीच लिहायला घेतले होते. तुमच्या कपाटातले रंगीत चित्रांचे प्राणिशास्त्राचे जाड पुस्तक, जे मी १९३४ साली मागितले होते आणि तुम्ही माझे हात धुतलेले नाहीत म्हणून दिले नव्हते, ते सिंधूसाठी अकोला–दर्यापूर गाडीच्या कंडक्टरजवळ द्यावे. तिचे हात मी स्वतः तपासले आहेत. तिने सांगून ठेवले आहे की एखादे चित्र चुकीचे निघाले तर ती पुस्तकावर काही लिहिणार नाही, वेगळ्या कागदावर लिहून तुम्हाला पाठवील.

ता. क. तिसरा. कोळी सध्या आमच्या वर्गाच्या वायव्य कोपऱ्यात सोडला आहे आणि प्रदर्शनापर्यंत तिथे झाडू लावायचा नाही अशी नत्थुजीला ताकीद दिली आहे. मी रोज सकाळी हजेरी घेण्याआधी स्टुलावर चढून मोजतो. आजपर्यंत आठच भरले आहेत.